पूजेत नसलेलं मशीन

अपमान माझा झाला. एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या दसऱ्याला, सकाळी, विलेपार्ले पूर्वेच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये, भरल्या खोलीत.

नाव सांगत नाही. नाव सांगितलं की तुम्ही आडनाव विचाराल. आडनाव कळलं की "अच्छा, म्हणून" असं म्हणून पान उलटाल. तेवढी सोय मी तुम्हाला देणार नाही. जोगेश्वरीच्या टेकडीवर राहते. बौद्ध आहे. एवढ्यावर पुढचं वाचा.

सरांनी आदल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. उद्या मशीनची पूजा. आपापलं मशीन पुसून ठेवा, येताना फुलं आणा. 'सगळ्यांनी' असंच म्हणाले होते. मी धरून चालले की सगळ्यांत मी आहे.

टाइपरायटर रांगेत मांडलेले. खिडकीपाशी नवे, मग जुने, आणि पार टोकाला, मोरीच्या दाराला लागून, माझा. दार उघडलं की माझ्या खुर्चीला लागायचं. बाकीच्या मशीनना खोळी होत्या. सरांच्या बायकोनं जुन्या साड्यांच्या शिवलेल्या. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. माझ्या मशीनला खोळ नव्हती. सुरुवातीला मी विचारलं होतं, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या की खोळी मी घरी नेऊन आमच्या कपड्यांत धुते ना गं. तिथंच थांबल्या. हे लोक असली वाक्यं कधी पुरी करत नाहीत. पुरी आपण करायची, घरी जाताना, रस्त्यावर.

सर बाकीच्या मुलींना नावानं हाक मारायचे. मला 'कोपरा' म्हणायचे. "कोपरा, आवाज कमी." मग पोरांनीही तेच उचललं. कोपरा आली रे. कोपरा, पंखा लाव ना. मी हसायचे. हसलं की संपतं असं वाटायचं.

तर दसरा. काकू तबक घेऊन खिडकीपासून निघाल्या. हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, झेंडूचं फूल, आपट्याचं पान. पुढचं मशीन. परत तेच. माझ्या शेजारी शैला बसायची. मूळची मालवणकडची, वडील गिरणीत होते, संपानंतर घरी बसलेले. तिच्या मशीनला फूल लागलं. मी ओंजळ सावरून उभी राहिले. काकू तिथूनच वळल्या आणि परत खिडकीकडं निघाल्या.

मला वाटलं, विसरल्या.

"काकू, माझं राहिलं."

 काकूंनी सरांकडं पाहिलं. सर हसले. सर कधी ओरडत नसत. ओरडणाऱ्या माणसाला निदान उलट ओरडता येतं.

"अगं, तुमचा आज वेगळा सण ना? तुम्ही तर हे सगळं सोडलंत. मग आता फूल कशाला हवंय?"

कुणीतरी खिदळलं. मग बरेच जण. मी पुढं झाले आणि माझं फूल माझ्या हातानं माझ्या मशीनवर ठेवलं. सरांच्या हातात कायम एक लाकडी फूटपट्टी असायची. तिनं टेबलावर ठोके देऊन ते आम्हाला ताल शिकवायचे. त्या फूटपट्टीनं त्यांनी फूल सरकवलं. हात लावला नाही. फूल मोरीच्या उंबऱ्यावर पडलं, ओल्यात.

"ते मशीन पूजेतलं नाही, बाळ. ते वापरायचं आहे."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं.

आता एक गोष्ट मी स्वतःच सांगते, नाहीतर तुम्ही सांगाल. सरांचं पहिलं बोलणं खरं होतं. आम्ही सोडलंच होतं. माझ्या आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली ती दसऱ्यालाच. आमच्या घरात दसरा म्हणजे पांढरी साडी, विहार, वंदना. हळदीकुंकू आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. आदल्या संध्याकाळी मी झेंडू घेऊन घरी आले तेव्हा वडिलांनी, आम्ही त्यांना दादा म्हणतो, हातातल्या पुडीकडं पाहिलं. ते अंधेरीला एका फौंड्रीत ओतकाम करतात. कमी बोलतात.

"कुणाला वाहणार?"

"मशीनला."

"मशीन तुझं आहे का?"

"रोज मीच बसते ना त्याच्यावर."

"बघ बाई," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

देवासाठी मी गेले नव्हते. रांगेत धरतील म्हणून गेले होते. ही चूक आमच्यातलीच माणसं करू शकतात. आजोबांनी ज्या दिवशी ज्या गोष्टीकडं पाठ फिरवली, नेमक्या त्याच दिवशी तीच गोष्ट मागायला नात ओंजळ पुढं करून उभी राहते. आणि ती गोष्ट तिला मिळतही नाही.

संध्याकाळी विहारात बायकांच्या ओळीत बसले. दादा पुरुषांच्या बाजूला होते. त्यांनी एकदा माझ्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. विचारलं काहीच नाही. मला त्या न विचारण्याची फार भीती वाटली.

मला काय हवं होतं ते सांगते. मराठी टायपिंगचं सरकारी सर्टिफिकेट. त्याच्याशिवाय सरकारी ऑफिसात कारकून म्हणून कुणी दारात उभं करत नाही. ते मिळेपर्यंत मी मालाडच्या एका गाळ्यात बाहुल्यांना डोळे बसवायचं काम करत होते. भोकं पाडलेली डोकी टोपलीतून यायची. एक डोळा, दुसरा डोळा, अंगठ्यानं दाब, टोपलीत टाक. दुपार कलली की टोपलीतली सगळी डोकी माझ्याकडं बघत असायची. शेजारची मावशी त्या कामात म्हातारी झाली होती. तिचे अंगठे पार चपटे झाले होते. ती माझे अंगठे हातात घेऊन बघायची आणि म्हणायची, अजून चांगले आहेत, जा इथनं.

म्हणून मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परत कोपऱ्यात जाऊन बसले. तुम्ही म्हणाल, स्वाभिमान कुठं गेला? स्वाभिमान बाहुल्यांच्या टोपलीत होता. तो तिथून बाहेर काढायला मला ते मशीन लागणार होतं.

पण मशीनचा आवाज बदलला होता.

टाइपरायटरमध्ये कागद धरणारा जो भाग डावीकडं सरकतो, त्याला कॅरेज म्हणतात. एक अक्षर उमटलं की कॅरेज एक घर सरकते. तिला ओढणारा एक बारीक पट्टा मागं असतो. माझ्या मशीनचा पट्टा झिजत चालला होता. ओळीच्या शेवटाकडं कुरकुर यायची, मुका मार लागलेलं माणूस झोपेत कण्हतं तशी. मी सरांना सांगितलं. मेकॅनिक येईल म्हणाले. मेकॅनिक आला. खिडकीपासून सुरुवात केली, एकेक मशीन उघडलं, तेल घातलं, आणि शैलाच्या मशीनपाशी आपली पेटी बंद केली. मी त्याला हाक मारली. तो सरांकडं बघून म्हणाला, मला एवढीच सांगितलीत. शैला खाली मान घालून म्हणाली, "गप रव गो. उगाच वाढवू नको."

मी गोधडीचा दोरा आणून पट्ट्यावर गुंडाळला. चोरून. कारण मशीनची मागची बाजू उघडायची आम्हाला मनाई होती.

दिवाळी झाली. परीक्षा आली. तिची पद्धत अशी की प्रत्येक इन्स्टिट्यूट आपली मशीनं हातगाडीवरून परीक्षेच्या शाळेत नेते. ज्या मशीनवर शिकलात त्याच्यावरच परीक्षा द्यायची. एखादं बिघडलं तर म्हणून एक जादा मशीन न्यायचं. आमचं जादा मशीन मागच्या बाकावर ठेवलं होतं. खोळीसकट. खोळीवर काकूंनी दोऱ्यानं मोर काढलेला होता.

घंटा झाली. सगळी खोली एकदम वाजायला लागली. माझी बोटं छान पळत होती. इतकी छान की मला भीती वाटली. आणि उताऱ्याच्या मध्यावर पाठीमागं कुठंतरी 'टक्' झालं. फार बारीक आवाज. एवढ्या गोंगाटात दुसऱ्या कुणाला ऐकूही आला नसेल. मला कळलं.

कॅरेज थांबली. बोटं थांबली नव्हती. एका अक्षरावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं. कागदावर एक काळा ठिपका, आणि तो ओला होत होत फाटला.

मी हात वर केला. पर्यवेक्षक बाई आल्या, बघितलं, दाराशी उभ्या असलेल्या सरांना विचारलं की तुमचं जादा मशीन आहे ना. सरांनी मोराच्या खोळीकडं पाहिलंसुद्धा नाही.

"ते बाकीच्यांसाठी ठेवलंय. ही हातानं ढकलून करेल. तिला सवय आहे."

बाईंनी खांदे उडवले आणि पुढं गेल्या. मी डाव्या हातानं कॅरेज ओढत उजव्या हाताच्या बोटांनी टाइप करत राहिले. बाकी कुणाचं मशीन बिघडलं नाही. मोर जसा आला तसा हातगाडीवरून परत गेला.

नापास. निकाल लागला त्या दिवशी सर सगळ्यांसमोर हळहळले. म्हणाले की तुमच्या लोकांत हुशारी असते, पण चिकाटी नसते. चिकाटी. हा शब्द मी दातांखाली धरून ठेवलाय, अजून थुंकले नाही.

उन्हाळ्यात त्यांनी मला परीक्षेलाच बसवलं नाही. तयारी नाही म्हणाले. माझी सकाळची वेळ बदलून दुपारची केली, म्हणजे गाळ्यातलं अर्धं काम गेलं. आई म्हणायला लागली की सोड पोरी, नशिबात नसतं ते वढून आणू नये. मी मंडळात जायला लागले होते. टेकडीवरच्या आमच्या पोरापोरींचं मंडळ. पाणी, संडास, झोपड्या तोडायला येणारी गाडी, यावर पत्रकं काढायचं. त्या उन्हाळ्यात मंडळानं भंगारातून एक मराठी टाइपरायटर आणला. त्यालाही पट्टा नव्हता. मी वर्सोव्याला जाऊन कोळ्यांकडून मासे धरायच्या गळाची दोरी आणली आणि पट्ट्याच्या जागी ती ओढली. मशीन चाललं. ही एवढीशी दोरी. हिच्यासाठी माझं एक वर्ष गेलं होतं.

त्या मशीनवर मी आमच्या पत्रकांच्या स्टेन्सिल कापल्या. स्टेन्सिलवर, म्हणजे छपाईच्या मेणकागदावर, टाइप करताना शाईची फीत बाजूला करतात. समोर अक्षर नीट दिसत नाही, दिसतो फक्त मेणाच्या कागदाला पडलेला व्रण. मग यंत्रावर छापलं की कळतं काय लिहिलंय. माझे सगळे शब्द मी तसेच शिकले.

हिवाळ्याच्या परीक्षेला सर परत नाही म्हणत होते. तेव्हा दादा फौंड्रीच्या कपड्यांत, काळेकुट्ट, येऊन इन्स्टिट्यूटच्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत, बोलले नाहीत, बाजूलाही झाले नाहीत. येणारी-जाणारी मुलं अंग चोरून जात होती. संध्याकाळी सरांनी माझा अर्ज भरला.

आणि मग परत दसरा आला. सरांनी परत तसंच सांगितलं. सगळ्यांनी या.

मी गेले. पांढरी साडी नेसून, विहारात जायच्या आधी. फुलं नव्हती. कोऱ्या कागदांची गुंडाळी होती. काकू खिडकीपासून निघाल्या आणि शैलाच्या मशीनपाशी वळल्या. आरती सुरू झाली. टाळ्यांचा ताल धरला गेला. मी खुर्ची ओढली, कोपऱ्यातल्या मशीनवर कागद चढवला, आणि टाइप करायला सुरुवात केली.

दसऱ्याला पूजा झालेल्या यंत्राला त्या दिवशी हात लावत नाहीत. हा त्यांचा नियम. शिंप्याचं मशीन बंद, सुताराची करवत बंद. त्या खोलीत त्या दिवशी एकच मशीन चालवायला मोकळं होतं. ते त्यांनीच मोकळं ठेवलं होतं.

दीक्षेच्या दिवशी आजोबांनी घेतलेल्या प्रतिज्ञा मी टाइप करत होते. दादांनी लहानपणी पाठ करून घेतलेल्या. परीक्षेत तुटलेला पट्टा मी दोऱ्यानं सांधलेला होता, ओळीच्या शेवटी कुरकुर येत होती. ओळ संपली की घंटी, कॅरेज मागं, पुढची ओळ. आरतीतल्या टाळ्या विस्कटल्या. माना वळायला लागल्या. एक मुलगा हसला आणि कुणी साथ दिली नाही म्हणून गप्प झाला.

सर जवळ आले. आवाज तसाच, हळू.

"आज मशीन चालवत नाहीत."

"पूजेतली चालवत नाहीत, सर. हे वापरायचं आहे. तुम्हीच म्हणालात."

त्यांनी फूटपट्टी मशीनच्या पोटात खुपसली. अक्षरांच्या काड्या वर आल्या आणि फूटपट्टीवर आपटून एकमेकींत अडकल्या.

"फूटपट्टी काढा, सर."

काढली नाही. मीच काढली. टेबलावर ठेवली, त्यांच्या हातात दिली नाही. काड्या एकेक करून मागं सोडल्या आणि जिथं थांबले होते त्या शब्दापासून पुढं सुरू केलं. आरती बंद पडली होती. काकूंच्या तबकातला दिवा विझला होता की त्यांनी विझवला, माहीत नाही. मी शेवटच्या प्रतिज्ञेपर्यंत गेले. कागद काढला. घडी केली.

"उद्यापासून येऊ नकोस, बाळ," सर म्हणाले. "आणि परीक्षेला मशीन कुठून आणतेस, बघू."

मी रांगेकडं पाहिलं. सगळ्या माना खाली. प्रत्येकाच्या मशीनवर एकेक फूल. शैला मागून पायऱ्यांपर्यंत आली. तिचे डोळे भरले होते. "माका पास होऊक व्हया गो," म्हणाली. "बापूस घरात बसान आसा." मी तिला शिवी दिली नाही. तिची अडचण मला कळत होती. आणि मला हेही कळत होतं की त्या खोलीत प्रत्येकाजवळ असलीच एकेक अडचण आहे, आणि सरांचं सगळं राज्य त्या अडचणींवर उभं आहे.

परीक्षेला मंडळाचं मशीन नेलं. गोणपाटात बांधून, दादांच्या खांद्यावर, जोगेश्वरीच्या टेकडीवरून खाली. शाळेच्या फाटकाशी सर उभे होते. त्यांनी गोणपाटाकडं पाहिलं, मग दादांकडं. दादा त्यांच्या बाजूनं चालत आत गेले. पट्टा म्हणून ओढलेली गळाची दोरी तुटली नाही.

पास झाले. इथं टाळ्या वाजवू नका. ही गोष्ट इथं संपली असती तर मी ती लिहिलीच नसती.

गेल्या आठवड्यात विलेपार्ल्याला पत्रकं वाटत होते. इन्स्टिट्यूटच्या खिडकीखालून गेले. आतून सगळी मशीनं वाजत होती, वर फूटपट्टीचे ठोके. आणि त्या सगळ्या आवाजाच्या तळाशी, मोरीच्या बाजूनं, ओळीच्या शेवटी शेवटी, ती कुरकुर. मी उभी राहिले. पायऱ्या चढून दारातून बघितलं. कोपऱ्यात एक मुलगी बसलीय. दोन वेण्या. मशीनला खोळ नाही. सर म्हणाले, "कोपरा, आवाज कमी," आणि ती हसली.

ती हसली. ते मला सहन झालं नाही.

मी दारात उभी राहून तिला तिच्या पट्ट्याबद्दल सांगितलं, सर्वांना ऐकू जाईल असं. सरांनी दार लावून घेतलं. दार लावताना माझ्याकडं बघून हसले. त्यांना घाई नाही. दसरा जवळ आलाय, त्यानंतर परीक्षा आहे, आणि पट्टा आपला आपण झिजतोय. त्यांना काहीही करावं लागत नाही. त्यांनी फक्त वाट बघायची.

मी वाट बघणार नाही. दसऱ्याला सकाळी मी त्या दारात असेन, पांढऱ्या साडीत, हातात गळाची दोरी घेऊन. दार बंद असेल तर बाहेर. दुसऱ्या दिवशी परत. पट्टा बदलेपर्यंत रोज.

तुम्ही, जे त्या रांगेत बसता. विलेपार्ल्यात, अंधेरीत, मुलुंडला, जिथं कुठं अशी रांग आहे तिथं. तुमच्या शेजारचं खोळ नसलेलं मशीन तुम्हाला माहीत आहे. त्याचा आवाज तुम्ही रोज ऐकता. त्यावर बसणाऱ्या मुलीसाठी फूल मागू नका. फूल आम्हाला नको, ते आम्ही कधीच सोडलंय. पट्टा मागा. नवा, परीक्षेच्या आधी. आणि तो बसवेपर्यंत तुमच्या मशीनची खोळ काढू नका. सर ठोके द्यायला लागले की हात मांडीवर ठेवा. सगळी खोली गप्प राहू दे.

गप्प बसायला तुम्हाला येतंच. या वेळी तिच्यासाठी बसा.